मोडीत न गेलेली घंटा

रविवार, रात्री साडेदहा

भाची मॉस्कोला सुट्टीत फिरायला गेलीये. एमबीबीएसला आहे तिकडेच, नागपूरची अर्धी पोरं रशियातच असतात म्हणा आता. संध्याकाळी झार घंटेसमोरचा फोटो पाठवला, मागोमाग फोन. "मावशी, एवढी मोठी आहे, अन् एकदाही वाजली नाही म्हणे!"

क्रेमलिनमध्ये, कॅथेड्रलांच्या चौकाला लागून ती चौथऱ्यावर ठेवलेली आहे. वजन 200 टनांच्या घरात, उंची 6 मीटरच्या वर. आपल्या सदरच्या कॅथेड्रलच्या दारातून आत जायची नाही! पहिली ओतणी फसली, ओतारी इव्हान मोतोरिन वारला, आणि मुलगा मिखाईलनं 1735 मध्ये ती पुरी केली. 1737 मध्ये मॉस्कोला आग लागली, तेव्हा ती अजून ओतणीच्या खड्ड्यातच होती. जळती लाकडं वर कोसळली, लोकांनी पाणी ओतलं आणि साडेअकरा टनांचा तुकडा निखळला, असं सांगतात. पुढे जवळजवळ शंभर वर्षं ती तिथेच पडून होती. 1836 मध्ये वर काढली. फोटोत तो तुकडा शेजारीच उभा आहे, कडा अजून ओबडधोबड.

कांसंच ते. चेपत नाही, तडकतं. आजीच्या कांशाच्या थाळीला तडा गेला, तेव्हा आईनं इतवारीत मोडीत दिली आणि वर पैसे घालून स्टीलचा डबा आणला. मला अजून राग आहे त्याचा. घंटांचंही तसंच चालायचं. हिच्या आधीची झार घंटा 1701 च्या आगीत फुटली, तिचाच धातू हिच्यात आहे. मग हिलाच का सोडलं? मला वाटतं, लोकांना ती बघायची सवय झाली असावी. वाजणारी घंटा फुटली की निकामी ठरते. हिच्याकडून वाजायची अपेक्षाच उरली नव्हती.

वसईच्या घंटा आठवल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांवरच्या 1739 च्या विजयानंतर चर्चमधून आणलेल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीला. तोफांना असाच धातू लागायचा, लढाया तर रोजच्याच. तरी ह्या शत्रूच्या घंटा कुणी वितळवल्या नाहीत, देवळात टांगल्या. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत म्हणतात, महादेवाच्या दारात!

दिवाळीत पुण्याला जायचंच आहे, वाई तिथून काही लांब नाही. ह्यांना उद्याच तिकिटं बघायला सांगते, नाहीतर वेटिंग लागतं.