मेनूत एकच पर्याय उजळ होता

सांगलीतल्या विश्रामबागच्या माझ्या दुकानात 'डाटा गेला' म्हणून ज्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क येतात, त्यांत आपटलेल्या, टकटक आवाज करणाऱ्या असतातच. पण बऱ्याचशा अगदी ठणठणीत असतात. त्यांचा घात होतो तो एका सिस्टिमवरून दुसरीवर नेताना. मिरजेच्या सतारमेकर भाईंची एक टीबीची डिस्क त्यातलीच.

भाईंच्या अब्बांनी हयातभर तंबोरे आणि सतारी केल्या. ते गेले त्याच्या आधी पुण्याची एक विद्यार्थिनी त्यांच्या कामावर फिल्म करायला येत होती. पंढरपूरकडून येणारा भोपळा पारखण्यापासून जवारी काढण्यापर्यंत (घोडी घासून तारेचा आवाज खुलवण्यापर्यंत) सगळं तिनं शूट केलं, आणि एक प्रत घरच्यांकडे राहावी म्हणून भाईंच्याच डिस्कवर भरून दिली. डिस्क कोरी, दुकानातून आणलेली, एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली. मॅकला एनटीएफएस वाचता येतं, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. म्हणून तिनं ती आधी मॅकच्या फॉरमॅटमध्ये करून घेतली. तिच्या बाजूनं यात वावगं काही नव्हतं. फक्त ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती.

पुढे अब्बांच्या बरसीला नातेवाइकांना व्हिडिओ दाखवायचे म्हणून पुतण्यानं डिस्क आपल्या विंडोज लॅपटॉपला लावली. लाइट लागली, डिस्क फिरायला लागली, पण 'धिस पीसी'मध्ये काहीच दिसेना. पोरगा हुशार. इंटरनेटवर बघून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथं दोन तुकडे दिसले : एक 200 एमबीचा ईएफआय, म्हणजे सिस्टिमच्या कामाचा छोटा भाग, आणि एक भला मोठा, ड्राइव्ह लेटर नसलेला, ज्याच्यावर लिहिलेलं 'हेल्दी'. राइट क्लिक केल्यावर मेनूतले सगळे पर्याय फिके. उजळ होतं ते 'डिलीट व्हॉल्यूम'.

"दुसरं काही दाबताच येत नव्हतं," तो मला म्हणाला. खरंच आहे ते. पुढे 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', क्विक फॉरमॅटला आधीच टिक मारलेली, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. डिस्क 'न्यू व्हॉल्यूम' म्हणून दिसायला लागली. रिकामी.

मी पोराला बोललो नाही. राग येतो तो त्या मेनूचा. 'हे मला वाचता येत नाही, मॅकचं दिसतंय' एवढं एक वाक्य तिथं लिहिलं असतं, तर निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे आलीच नसती. विंडोज काही वेळा सरळ 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असंही फर्मान काढतं. मॅकही काही साव नाही. त्याला न कळणारी डिस्क लावली की तीन बटणं येतात : इनिशियलाइझ, इग्नोअर, इजेक्ट. त्यातलं पहिलं तुम्हाला डिस्क पुसायच्या वाटेलाच नेतं. माणसाला वाटतं, मशीन सांगतंय म्हणजे डिस्क बिघडली असणार. बिघडलेलं काही नसतं.

"मग आता सगळं पुसलं गेलं का हो?" भाईंनी विचारलं.

त्यांना म्हटलं, क्विक फॉरमॅट म्हणजे नुसता सातबारा फाडणं. शेत जागेवरच असतं. मात्र त्यात दुसऱ्या कुणी नांगर घातला की संपलं. त्यावर पुतण्या खाली बघायला लागला. फॉरमॅटनंतर 'चालते का बघू' म्हणून त्यानं बहिणीच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर कॉपी केले होते, वीसेक जीबी. शिवाय फुकटचं एक रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवलं होतं आणि निघालेल्या फायली त्याच डिस्कवर ठेवायच्या बेतात होता. तेवढ्यात भाईंनी केबल काढली. हे मात्र फार बरं केलं.

अशा वेळी मूळ डिस्कवर काही करायचं नसतं. माझ्याकडे लिनक्सचं एक मशीन आहे, जोडलेली डिस्क आपोआप माउंट होणार नाही, म्हणजे वापरायला उघडणार नाही, अशी सेटिंग केलेलं. त्यावर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली. यूएसबी 3 वर एक टीबीला तीन-साडेतीन तास जातात. इन्व्हर्टर आहे, त्यामुळे मध्येच वीज गेल्याची धास्ती नाही. भाईंना म्हटलं, तुम्ही जाऊन या. ते गेले नाहीत. समोरच्या टपरीवर बसून राहिले.

मॅकचं हे जुनं फॉरमॅट, एचएफएस प्लस, एका बाबतीत दिलदार आहे. व्हॉल्यूमची मुख्य माहिती ते सुरुवातीला तर ठेवतंच, पण तिची एक प्रत अगदी शेवटी, शेवटापासून 1024 बाइट अलीकडे ठेवतं. पोरानं नव्यानं लिहिलेलं सगळं पुढच्या बाजूला होतं. नकलेत शेवटाकडे शोधत गेल्यावर डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये 'H+' अशी दोन अक्षरं दिसली. ती दिसली की जुनं पार्टिशन कुठून कुठपर्यंत होतं हे कळतं. हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या टेस्टडिस्क प्रोग्रामनंही तेच दाखवलं.

पण फायलींची नावं, फोल्डर, कुठली फाइल कुठे आहे, हे सगळं ज्या कॅटलॉगमध्ये असतं, तो पुढच्या भागात होता आणि त्याचा काही भाग लग्नाच्या फोटोंनी खाल्ला होता. काही फोल्डर नावासकट आले. बाकीच्यांसाठी फोटोरेक चालवलं. हे फायलीचं नाव बघत नाही, आतल्या खुणेवरून ती ओळखून काढतं. यात एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. कोऱ्या डिस्कवर एका दमात भरलेल्या फायली सहसा सलग बसतात, तुकडे विखुरलेले नसतात. त्यामुळे नावं गेली तरी बहुतेक व्हिडिओ अखंड निघाले. जे अर्धवट निघाले ते चालेनात, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एमपी4 फायलीत कुठली फ्रेम कुठे आहे त्याची यादी शेवटी लिहिलेली असते. शेपूट तुटलं की प्लेअरला काहीच उमगत नाही.

डिस्क फिरत्या चकतीची होती हेही नशीब. एसएसडी असती तर क्विक फॉरमॅटबरोबर विंडोजनं बहुधा ट्रिमचा, म्हणजे ही जागा आता लागत नाही असं सांगणारा, हुकूम सोडला असता, आणि मग मागे शून्यांशिवाय फारसं काही हाती लागलं नसतं.

नाव नसलेली एक फाइल मी सहज चालवून बघितली. अब्बा मांडी घालून बसलेले, पुढ्यात तंबोरा. घोडीवर कानस दोनदा फिरवली, तार छेडली, मान तिरकी करून ऐकली. परत एकदा कानस, या वेळी एवढीशीच. मग तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवत नेला आणि एका जागी आवाज एकदम उघडला. "आता बोलली," ते म्हणाले. टपरीवरून भाईंना हाक मारली. त्यांनी ती फाइल उभ्यानंच बघितली आणि पुतण्याला म्हणाले, "आधी हिची कॉपी कर."

मग प्रश्न आला की आता ठेवायचं कशात. पुण्याच्या त्या मुलीचं अजून शूटिंग बाकी होतं, म्हणजे मॅकही येणार आणि विंडोजही. पोरगा म्हणाला, एक्सफॅट करून टाकू, दोन्हीकडे चालतं. चालतं, आणि फॅट32 सारखी 4 जीबीच्या आतल्याच फायलींची अटही त्याला नाही. पण एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंदवही, नसतं. लिहिणं चालू असताना केबल निघाली, तर अर्धवट राहिलेलं काम जर्नलवरून सावरून घ्यायची सोय जी एनटीएफएसला आणि मॅकच्या फॉरमॅटला आहे, ती इथं नाही. ने-आण करायला एक्सफॅट उत्तम. एकुलती एक प्रत त्यात ठेवायला मी कुणाला सांगत नाही.

तसंच पुतण्याच्या लॅपटॉपवरचं विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करून दिलं. शटडाउन केलं की लॅपटॉप पुरता बंद झाला असं आपल्याला वाटतं, पण हे चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. इंजिनिअरिंगची पोरं विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर ठेवतात, त्यांना लिनक्स सांगतं की हे पार्टिशन असुरक्षित अवस्थेत आहे, मी नुसतं वाचीन. ती नेटवर बघून एक कमांड मारतात आणि जबरदस्तीनं लिहायला लावतात. तीही मग येतात माझ्याकडे.

भाईंनी दोन नव्या डिस्क घेतल्या. एक एनटीएफएस, जी घरातून बाहेर जायची नाही. दुसरी एक्सफॅट, तिच्यावर पुतण्यानं मार्करनं लिहिलं : 'फक्त ने-आण'. जुन्या डिस्कला हात लावू नका म्हणून बजावलंय, कारण भोपळा पारखतानाच्या दोन फायली अजून जुळलेल्या नाहीत. त्याच कॅमेऱ्याची एखादी चांगली फाइल नमुन्याला मिळाली तर तुटलेली यादी नव्यानं बांधून बघता येईल. पुण्याच्या मुलीला तसा निरोप धाडलाय.