कोजागिरी, मसाला दूध आणि आमचे अवॉर्ड्स

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मंडळाचे कार्यक्रम वर्षभर चालूच असायचे, गणपती, हळदीकुंकू, मुलांचं गॅदरिंग, पण सगळ्यात जास्त वाट बघायचो ती कोजागिरीची. कारण साधारण त्याच दिवसांत झी मराठी अवॉर्ड्स असायचे आणि त्यांच्या जोडीने आमच्या मंडळाचे पण!

मुळात कल्पना तिथूनच घेतलेली. झीच्या सोहळ्यात नायक, नायिका, खलनायक असतातच पण सासू, सून, जोडी, कुटुंब यांना पण पुरस्कार आणि मतं प्रेक्षकांची. मला हे फार आवडतं, कारण घरात मालिका बघताना आपण बोलतो ते नात्यांबद्दलच ना. मग आम्ही पण काढले, सर्वोत्कृष्ट शेजारी, सर्वोत्कृष्ट कुटुंब, सासूसुनेची जोडी. मिठाईच्या रिकाम्या खोक्याला वर चीर पाडून मतपेटी केलेली, वॉचमनकाकांच्या टेबलावर ठेवायची आणि येता जाता सगळे चिठ्ठ्या टाकायचे.

कोजागिरीला गच्चीवर मोठ्या टोपात दूध आटत असायचं, एक जण सतत ढवळायला, नाहीतर खाली लागतं, आणि तोवर बायकांची चर्चा रंगलेली. 2014 ला 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीची बाजू घेणाऱ्या एकीकडे आणि 'जय मल्हार'वाल्या एकीकडे, पुढे 2017 ला 'तुझ्यात जीव रंगला' मधले राणादा-पाठकबाई का 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका यावरून तर अक्षरशः दोन गट! वेलची जायफळ घालायचं राहून जायचं मग आज्जी ओरडायच्या.

शीर्षकगीताचा विषय निघाला की मात्र जुने लोक एकदम 1999 मध्ये जायचे, तेव्हा चॅनलचं नाव अल्फा मराठी होतं आणि 'आभाळमाया' लागायची. देवकी पंडितांचा आवाज, अशोक पत्कींची चाल, शब्द मंगेश कुलकर्णींचे. आमच्या एक काकू ते गाणं दरवर्षी म्हणायच्या आणि म्हणण्याआधी ही तिन्ही नावं घ्यायच्याच, त्याशिवाय सुरू करायच्या नाहीत.

ते ऐकूनच मला वाटायला लागलं की पडद्यामागच्या लोकांचे पुरस्कार टीव्हीवर नीट, पूर्ण वेळ देऊन दाखवले पाहिजेत. ईटीव्हीवरच्या 'चार दिवस सासूचे'चे 3000 च्या वर भाग झाले, ते सगळे कोणीतरी लिहिले, कोणीतरी एडिट केले, रोज पहाटे कोणीतरी सेटवर लाईट लावले, आणि आपल्याला त्यातली किती नावं माहितीयेत? कलाकारांचं कौतुक हवंच, त्यात वादच नाही, पण संवाद लेखकाला ट्रॉफी मिळताना त्याचे दोन शब्द तरी ऐकू द्या ना.

आम्ही मंडळात ते केलं. 'पडद्यामागचा हात' असा पुरस्कार सुरू केला. पहिल्यांदा मिळाला तो स्पीकरच्या वायरी ओढणाऱ्या, खुर्च्या उचलणाऱ्या एका मुलाला. नाव पुकारल्यावर तो पुढे येईचना, शेवटी आईचा हात धरून आला आणि ट्रॉफी तिच्याच हातात दिली. त्या रात्री सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या, मानकऱ्या सासूसुनेपेक्षाही जास्त, आणि त्या दोघी तर उभ्या राहून वाजवत होत्या.