रामबाग रिंग: वादळ परत आलं, पण चोर सापडला

रामबागच्या आमच्या वाड्यात तिन्ही मजल्यांचे नेटवर्क स्विच केबलने गोलात जोडलेत: तळ, मधला, वरचा आणि छतावरून परत तळ. मागच्या अपडेटात ही रिंग स्थिर झाली म्हणून मिरवलं होतं. शनिवारी कॅमेऱ्यांसाठी छतावर, याच रिंगच्या वाटेत, आठ पोर्टांचा नवा साधा स्विच बसवला आणि वाड्याचं नेट आडवं झालं. तिन्ही मजल्यांवर दिवे एका तालात लुकलुकायला लागले. तो ताल ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको: ब्रॉडकास्ट वादळ, म्हणजे सगळ्यांसाठीचे तेच ते निरोप रिंगमध्ये गोल गोल फिरून नेट तुंबवतात. काकूंची मालिका अर्ध्यावर अडकली, त्यामुळे तक्रारही ताबडतोब वर आली.

हे टाळायला स्विच आपसात स्पॅनिंग ट्री चालवतात: एकाला रूट (म्होरक्या) नेमतात आणि रिंगमधला एक पोर्ट ब्लॉक ठेवतात. त्यामुळे पहिला संशय अर्थात त्या सेकंडहँड म्हाताऱ्या स्विचवर. रूट निवडताना प्रायॉरिटीचा लहान आकडा जिंकतो; मागे सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८ असताना, केवळ मॅक (हार्डवेअरचा पत्ता) लहान म्हणून तो रूट होऊन बसला होता, आठवतंय ना? पण आता तळमजल्याच्या मायक्रोटिकला (त्या कंपनीच्या उपकरणाला) ४०९६ दिलंय आणि रूट तोच दिसत होता. म्हातारा सुटला.

खरा धागा वेळेत होता. छताची केबल लावली की वादळ लगेच येत नाही, अर्ध्या मिनिटाने येतं. त्या पोर्टांवर ऑटो-एज (पलीकडे स्विच नाही असं वाटलं की पोर्ट लवकर उघडणारी सोय) मी बंद ठेवलंय, म्हणजे १५ अधिक १५ सेकंदांचा फॉरवर्ड डिले, उघडण्याआधीची सक्तीची वाट, मोजून पोर्ट अगदी शिस्तीत उघडत होता. त्या अर्ध्या मिनिटात वरच्या मजल्याचा स्विच उघडून पाहिला. छताकडच्या पोर्टचा रोल 'डेसिग्नेटेड', म्हणजे रूटपासून दूर, पुढे पाठवणारा! या केबलच्या दुसऱ्या टोकाला रूट बसलाय, याचा त्याला पत्ताच नाही. मधल्या मजल्याकडची लिंक रूट पोर्ट, म्हणजे रूटकडे जायची वाट. रिंगमध्ये एक पोर्ट तरी ब्लॉक हवा, इथे एकही नाही.

मग लॅपटॉप घेऊन छतावर. तळमजल्याहून येणारी केबल थेट लावली तर वायरशार्कमध्ये (केबलवरची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर) दर २ सेकंदांनी बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे स्विच-स्विचमधले निरोप. तीच केबल नव्या स्विचमध्ये घालून शेजारच्या पोर्टवर ऐकलं, तर शुकशुकाट. ब्रॉडकास्ट मात्र धो धो. हा पठ्ठ्या बीपीडीयू गिळतो! इतका वेळ मी राडिया पर्लमन यांच्या १९८५च्या स्पॅनिंग ट्री अल्गोरिदमलाच मनात नावं ठेवत होतो.

गंमत अशी की बीपीडीयूच्या ०१-८०-सी२-००-००-०० या पत्त्याची फ्रेम (डेटाचं पाकीट) ब्रिजने, म्हणजे स्विचने, पुढे पाठवू नये, असं ८०२.१डी हे मानकच सांगतं. नियम पाळायचा पण स्पॅनिंग ट्री स्वतः बोलायचं नाही, असा अर्धवट सज्जन स्विच रिंगमध्ये सगळ्यात घातक. माझा जुना बिनानावाचा पाच पोर्टांचा डबा नियम मोडून सगळं पुढे ढकलतो, म्हणून त्याच जागी बिनबोभाट चालला. जेल रोडच्या दुकानदाराला खरेदीआधी विचारलं होतं. उत्तर: "भिया, सब जाता है इसमें." खोक्यावरही याबद्दल अक्षर नसतं.

तूर्त केबल थेट जोडली आणि रिंग पूर्ण झाली. मधल्या-वरच्या लिंकवर डिस्कार्डिंग (ब्लॉक) दिसलं तेव्हा चहा दुप्पट गोड लागला. छताची केबल उपटून पाहिली, आयपी फोनवरचं बोलणंही तुटलं नाही. आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्ती) झिंदाबाद.

नवा स्विच आता वरच्या मजल्याच्या एका पोर्टवर लटकवणार, रिंगबाहेर, आणि त्या पोर्टला बीपीडीयू गार्ड, म्हणजे तिथे बीपीडीयू आला की पोर्ट बंद. थांबा, लिहितानाच खटकलं: उद्या कॅमेरावाल्याने या नव्या स्विचच्याच दोन पोर्टांत एक केबल खोचली, तर बीपीडीयू परत येणारच नाही आणि गार्ड झोपून राहील. म्हणजे तिथे मायक्रोटिकचं लूप-प्रोटेक्टच हवं: ते स्वतःची फ्रेम पाठवतं आणि ती परत आली की पोर्ट बंद करतं. पण वरच्या मजल्यावर मायक्रोटिक नाही. मग कॅमेऱ्यांची केबल तळमजल्यापर्यंत ओढावी लागेल. जिन्यातल्या पाइपात जागा आहे का ते रविवारी बघतो. लूप-प्रोटेक्टची फ्रेमही हा स्विच गिळत नाही ना, ते त्याआधी टेबलावर तपासणार.