लॅपटॉपवर चहा सांडल्यावर

लॅपटॉपवर काही सांडले आणि ते पुसून झाले की घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "जरा चालू करून बघ ना." त्या वेळी मुळीच करू नये अशी गोष्ट कोणती असेल, तर ती हीच. वीज पूर्ण तुटलेल्या मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावर, थोडे पाणी पडले तर तो बहुधा वाचतो. परंतु बॅटरीचा प्रवाह सुरू असेल तर पाण्यातील क्षारांमुळे जवळजवळच्या टोकांमध्ये विद्युत अपघटन होते, म्हणजे विजेमुळे रासायनिक क्रिया सुरू होते, आणि तांब्याचे केसासारखे बारीक मार्ग गंजून तुटू लागतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा उपडा झाला. तिने भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढला, फाइल सेव्ह करण्याच्या मोहात न पडता पॉवरचे बटण स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरले आणि लॅपटॉप उघडाच ठेवून, कीबोर्ड खाली येईल अशा बेताने, टेबलाच्या कडेवर पंचा अंथरून पालथा घातला. तिच्या आजीने लगेच तांदळाचा डबा पुढे केला. तांदूळ बंद खोक्याच्या आतले पाणी शोषून घेत नाहीत, उलट त्यांचे पीठ पोर्टमध्ये जाऊन बसते. ॲपलनेही २०२४ मध्ये आयफोन तांदळात ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. हेअर ड्रायरही नकोच, कारण त्याच्या झोताने पाणी आणखी आत ढकलले जाते.

पूर्वी खालची खटकी सरकवली की बॅटरी हातात येत असे. आता ती बहुधा खालच्या झाकणाच्या आत स्क्रूने बसवलेली असते, त्यामुळे लॅपटॉप बंद दिसला तरी बोर्डाच्या काही भागांत वीज खेळत राहते. झाकण उघडण्याचा सराव नसेल तर, माझ्या मते, वाळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याच दिवशी दुरुस्तीचे दुकान गाठावे आणि तेथे सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवून घ्यावा.

चहाच्या बाबतीत नुसते वाळवून भागतच नाही, कारण पाणी उडून गेले तरी दूध आणि साखर चिकटून राहतात. दुकानातील कारागिराने मला भिंगाखाली बोर्ड दाखवला, तेव्हा स्क्रीनच्या केबलच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी पूड धरू लागली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने त्याने ती हळूहळू घासून काढली. शेजारचा पांढरा स्टिकर मात्र लाल झाला होता. द्रव लागला की रंग बदलणारा हा स्टिकर कंपनीच्या सेवा केंद्रात आधी पाहिला जातो, आणि नेहमीच्या वॉरंटीत असे नुकसान सहसा धरत नाहीत. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे पैसे भरून घेतलेले असेल तरच उपयोग.

कीबोर्ड बदलावा लागला, बोर्ड वाचला. तरीही लॅपटॉप सुरू होताच आम्ही आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, कारण एखाद्या चिपखाली राहिलेला गंज काही आठवड्यांनीही बोर्ड बंद पाडू शकतो. फाइली साठवणारी एसएसडी सुटी असेल तर ती नंतरही काढून दुसरीकडे जोडता येते. काही लॅपटॉपमध्ये मात्र ती बोर्डावरच सोल्डर करून पक्की बसवलेली असते, आणि तिथे बोर्ड गेला की आतल्या फाइली मिळवणे फार कठीण होऊन बसते.