मसाला पुसून भाजलेला स्टेक

मी वसईच्या ख्रिस्ती घरातली, त्यामुळे बीफचं अप्रूप किंवा संकोच दोन्ही मला नव्हतं. आई शनिवारी रात्रीच मांसाला आलं-लसूण, हळद, बाटली मसाला (आमच्याकडचा भाजून कुटलेला मिश्र मसाला) आणि चमचाभर व्हिनेगर लावून ठेवायची. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलं की कुकर चढायचा आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे असायचं. महाराष्ट्रात गाय कापायला 1976 च्या कायद्यापासूनच बंदी होती, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळे आता तिकडे मिळतं ते म्हशीचं. कुकरमधल्या रश्शाला त्यानं फार फरक पडत नाही. तासभर शिजलेलं मांस शेवटी मऊ होतंच.

अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला आल्यावर हातात पडला तो स्टेक, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट भाजायचा मांसाचा अख्खा तुकडा, आणि तिथं या सगळ्या सवयींचा उपयोग थोडा आणि अडथळा जास्त.

स्टेकमध्ये मी निवडला स्कर्ट स्टेक, कारण हे शहरच त्याचं आहे. टेक्ससच्या दक्षिणेकडच्या गुराख्यांच्या वाट्याला येणारा हा स्वस्त तुकडा निखाऱ्यावर भाजून, चिरून गरम टॉर्टियात, म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळीत गुंडाळून खायची पद्धत जुनी. 1973 मध्ये निन्फा लॉरेन्झो या बाईंनी ह्यूस्टनच्या नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर आपल्या टॉर्टियाच्या कारखान्याला लागून छोटं खानावळवजा हॉटेल काढलं आणि तिथून हा प्रकार शहरभर गेला. आज सगळं जग त्याला फहिता म्हणतं, आणि आता तो तुकडा स्वस्तही उरलेला नाही.

दुकानात गेल्यावर कळतं की स्कर्ट दोन प्रकारचा असतो. आउटसाइड स्कर्ट म्हणजे जनावराच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याचा स्नायू. लांब, अरुंद पट्टा, जरा जाड, आणि चवीला दोघांत उजवा. इनसाइड स्कर्ट रुंद, पातळ आणि जास्त चिवट. पाकिटावर दरवेळी स्पष्ट लिहिलेलं नसतं, म्हणून मी मेक्सिकन कार्निसेरियात, म्हणजे मांसाच्या दुकानात जाते आणि काउंटरवरच्या माणसाला विचारते. आउटसाइडवर पांढरट पापुद्रा असतो. तो काढून द्या म्हटलं तर देतात. घरी काढायचा तर कोपऱ्यात सुरीचं टोक घालून कागदी रुमालानं पकडायचा आणि ओढायचा. नुसत्या बोटांनी तो निसटतो.

त्याच काउंटरवर केशरी मसाल्यात लोळवलेले तयार तुकडेही ठेवलेले असतात. माझी शेजारीण मेक्सिकोतल्या मॉन्टेरेची आहे, ती तेच नेते आणि तिच्या घरी ते छान लागतात. मी नेत नाही. मांस किती तास मुरलंय, मीठ किती आहे, मऊ करायची पावडर घातली आहे का, यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. दुसरं एक बघून घेते: सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस. अमेरिकेत 2016 पासून अशा पाकिटावर तसं छापणं सक्तीचं आहे, आणि त्याला कारण आहे. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात, तवा त्यांना मारतो, म्हणून आतला गुलाबीपणा चालतो. सुया ते जंतू आत ढकलतात. तो तुकडा मग गुलाबी खायचा नाही.

आता मुरवणं. इथं माझ्या हाताची सवय आणि मांसाचा स्वभाव यांची गाठ पडली. आपल्याकडे समज असा की मसाला जितका वेळ, तितका आत. खरं तर लसूण, जिरं, मिरची यांची चव रात्रभर ठेवूनही काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. खोलवर जातं ते मीठ. आईच्या रश्शात प्रत्येक घासाला मसाला लागतो, कारण मांस तासभर त्या मसाल्यातच उकळलेलं असतं आणि ताटातही त्यातच बुडलेलं असतं. स्टेक तव्यावर असतो जेमतेम पाच-सहा मिनिटं. म्हणजे मसाल्याकडून मीठ, थोडा आंबटपणा आणि वरच्या थरापुरती चव एवढंच मागायचं. रश्शाचं काम नंतर सॉसनं करायचं. हे एकदा पटलं की सगळी कृती सोपी होते.

माझं प्रमाण साधारण दोन पाउंड, म्हणजे 900 ग्रॅम मांसाला असं: तीन टेबलस्पून सोया सॉस, दोन लिंबांचा रस, तीन टेबलस्पून तेल, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, चमचाभर भाजून कुटलेलं जिरं, डब्यातली एक चिपोटले मिरची तिच्या सॉससकट, अर्धा चमचा मीठ, भरपूर मिरी आणि एक चमचा साखर. चिपोटले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. कोळशाची शेगडी नसलेल्या घरात धुराचा वास तीच आणते. सोया सॉस मेक्सिकन नाही असं कुणी म्हणेल, पण टेक्ससमधल्या फहिताच्या कितीतरी कृतींत तो असतो. मिठाबरोबर जो भरीव स्वाद तो देतो, तो नुसत्या मिठाला नाही.

लिंबू आहे म्हणून वेळ मर्यादित. दोन तास पुरे, चार म्हणजे खूप. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पांढुरका, पिठूळ होतो. कच्च्या पपईचंही तसंच. आजी जून मांसाला सालीसकट पपई वाटून लावायची आणि रश्शाला ती बरोबरच होती. पपईतलं पपेन भांड्यात गरम होतानाही बराच वेळ काम करत राहतं. पातळ स्कर्टला लावली तर बाहेरून लगदा आणि आतून चिवट, अशी दोन्हीकडून पंचाईत. या तुकड्याचा चिवटपणा मसाल्यानं घालवायचाच नसतो, तो सुरीनं घालवायचा. त्याकडे येतेच.

मुरवायचं फ्रिजमध्ये, झिपच्या पिशवीत, हवा काढून. उरलेला मसाला सॉस म्हणून वापरायचा मोह होतो, पण त्यात कच्च्या मांसाचं पाणी आहे. खळखळून उकळल्याशिवाय नाही. मी तो सरळ टाकून देते, कारण उकळून तो खारट होतो आणि माझे सॉस वेगळे तयार असतात.

आई इथं येऊन राहिली होती तेव्हा खरी मजा झाली. पिशवीतून मांस काढून मी लसणाचे कण खरवडले, कागदी रुमालानं दोन्ही बाजू दाबून कोरड्या केल्या. आई ओट्याशी उभी.

“अगं, मसाला पुसून टाकतेस? मग लावलास कशाला?”

प्रश्न रास्त होता. मीठ आणि सोया जेवढं जायचं तेवढं आत गेलेलं असतं. वर राहतं ते पाणी आणि जळणारे कण. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि मांस खरपूस व्हायला साधारण 140 च्या पुढं जावं लागतं. ओलं मांस तव्यावर टाकलं की ते भाजत नाही, उकडतं. राखाडी होतं, पाणी सोडतं, आणि तोवर आतून पूर्ण शिजून जातं. लसणाचे तुकडे मात्र काळे होऊन कडवट होतात. या खरपूसपणाच्या रसायनाचं पहिलं वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये केलं. आईला मी एवढंच सांगितलं की भाकरीला पापुद्रा यायला तवा कसा लागतो, तसं. तिला ते पटलं, पण टाकलेल्या लसणाची हळहळ गेली नाही.

आमच्या अपार्टमेंटात बाल्कनीत कोळसा पेटवायला बंदी. म्हणून बारा इंची बिडाचा तवा. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं कोरडाच तापू द्यायचा, खिडक्या उघडायच्या, चिमणीचा पंखा पूर्ण जोरात. धूर होणारच. ऑलिव्ह तेल इथं नको, रिफाइंड शेंगदाणा तेल बरं, त्याला धूर उशिरा येतो. स्कर्टचा पट्टा लांब असतो, त्याचे तीन तुकडे करून एका वेळी एक किंवा दोनच टाकायचे. गर्दी झाली की तवा गार पडतो आणि पुन्हा उकडण्याकडे गाडी जाते. एका बाजूला दोन ते तीन मिनिटं, मग उलटायचं. साखर असल्यामुळे रंग लवकर येतो, डोळा तव्यावर हवा.

“वरून भाजलं की रस आत बंद होतो” हे आईचंही म्हणणं आणि इथल्या कितीतरी लोकांचंही. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लिबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, आणि ती खरी नाही. भाजलेल्या मांसातूनही रस निघतोच, चुरचुर आवाज त्याचाच. भाजायचं ते चवीसाठी.

किती शिजलं हे बोटानं दाबून ओळखणारे असतात. मी थर्मामीटर वापरते, सुई वरून न घालता बाजूनं, कारण तुकडा पातळ. मला आणि नवऱ्याला 54 ते 57 अंश सेल्सियस, म्हणजे 130 ते 135 फॅरनहाइट आवडतं. त्याच्या तीन-चार अंश आधीच मी काढते, कारण तव्यावरून उतरल्यावरही आतली उष्णता चढत राहते. अमेरिकन कृषी खात्याचा सल्ला मात्र अख्ख्या तुकड्याला 63 अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा आहे. आईचं वय बघता तिला मी त्याच नियमानं वाढते. त्यासाठी वेगळं शिजवावं लागत नाही. पट्ट्याची टोकं पातळ असतात, ती आपोआप जास्त शिजतात. आईला टोकं, आम्हाला मधला भाग.

तरी ताटलीत लाल पाणी दिसलं तेव्हा तिनं हात आखडला. “रक्त आहे हे?” नाही. रक्त कापतानाच वाहून गेलेलं असतं. हा रंग मायोग्लोबिनचा, स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. ऐकून तिनं मान हलवली आणि पावाचा तुकडा मात्र त्या पाण्यापासून लांब ठेवला.

पाच मिनिटं थांबून कापायचं, आणि सगळ्या खटाटोपात निर्णायक म्हणाल तर हे कापणं. स्कर्टचे धागे पट्ट्याच्या रुंदीच्या दिशेनं धावतात, डोळ्यांना स्पष्ट दिसतात. आधी पट्ट्याचे धाग्यांच्या दिशेनं तीन-तीन इंचांचे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकडा काटकोनात फिरवून धागे आडवे तोडत पातळ काप काढायचे. पट्टा जसा आहे तसा ठेवून आडवी सुरी चालवली, जे हात आपोआप करतो, तर धागे अख्खेच्या अख्खे तोंडात येतात आणि चावता चावता जबडा दुखतो. मांस तेच, तवा तोच, फरक फक्त सुरीच्या दिशेचा.

सॉस मी आधीच करून ठेवते. पहिला अर्जेंटिनाचा चिमिचुरी: बारीक चिरलेली कपभर पार्सली, चार लसूण पाकळ्या, चमचाभर वाळलेला ओरेगानो, अर्धा चमचा मिरचीचे फ्लेक्स, तीन टेबलस्पून रेड वाइन व्हिनेगर, अर्धा कप तेल, आणि दोन टेबलस्पून कोमट पाण्यात विरघळवलेलं पाऊण चमचा मीठ. मिक्सर नको, हिरवी पेस्ट होते. हातानं चिरलेल्या पानांना व्हिनेगरनं पाणी सुटतं आणि तासाभरात चव जुळून येते. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालून मीही करते, छान लागते, पण मग ती आपली चटणीच.

दुसरा टोमॅटियोचा. टोमॅटियो म्हणजे कागदी आवरणातलं हिरवं, आंबट फळ. आवरण काढल्यावर चिकट लागतं, ते धुवायचं. पाऊण पाउंड टोमॅटियो, दोन सेरानो मिरच्या, पाव कांदा आणि सालासकट तीन लसूण पाकळ्या ओव्हनच्या वरच्या आचेखाली काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसूण सोलून कोथिंबीर-मिठाबरोबर जाडसर वाटायचं. खमंग मांसाला हा आंबटपणा इतका जुळतो की मला वाटतं, एकच सॉस करायला वेळ असेल तर हाच करावा.

तिसरा, मिरी आणि क्रीमचा, लोक तव्यावर उरलेल्या खरपुडीत करतात. तो या स्टेकबरोबर करू नये असं माझं ठाम मत आहे. साखर आणि सोया लावलेलं मांस भाजल्यावर तव्याच्या तळाशी जे राहतं ते जळकं असतं, त्यात स्टॉक, म्हणजे हाडांचं किंवा भाज्यांचं उकळलेलं पाणी, ओतला की सगळा सॉस कडू. मिरीचा सॉस हवा असेल त्या दिवशी सरलॉइन हा पाठीच्या मागच्या भागाचा तुकडा आणावा, त्याला फक्त मीठ लावावं, आणि स्टेक उतरल्यावर जास्तीची चरबी ओतून, त्याच तव्यात शॅलट (छोटा, सौम्य कांदा), जाडसर कुटलेली मिरी, कपभर स्टॉक घालून तो निम्मा आटवावा, शेवटी पाव कप क्रीम. दोन्ही एकाच जेवणात बसवायची हौस धरू नये.

उरलेला स्टेक मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, गुलाबी भाग क्षणात करडा होतो. फ्रिजमधून काढून थंड असतानाच पातळ कापायचा आणि गरम टॉर्टियात घालायचा. टोमॅटियोचा सॉस फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो, चिमिचुरीही तेवढेच दिवस मी ठेवते, कारण तेलात कच्ची लसूण आहे, ती बाहेर ओट्यावर राहता कामा नये. आईनं त्यातला उरलेला चिमिचुरी दुसऱ्या दिवशी तळलेल्या मासळीवर घेतला. स्टेकबद्दल ती एवढंच म्हणाली, “चांगलं आहे, पण उद्या कुकर लावू.”