काढलं तोंडी, राजीनामा मागितला लेखी: माझा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरला होते. २०२३ च्या पावसाळ्यात मुलाचा नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रथिनं वाहून जाण्याचा आजार, पुन्हा उलटला. सकाळी डोळे सुजलेले, लघवी तपासायची पिवळी पट्टी हिरवीगार. लगेच अ‍ॅडमिट करावं लागलं. साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कळवत होते. डिस्चार्जनंतर कामावर गेले तर गेटवर कार्ड पंच होईना.

एचआरवाले खाली आले. "ताई, तुम्ही न सांगता राहिलात. राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच करतो."

मी म्हटलं, "काढलंय ना, मग तसं लिहून द्या."

"आम्ही कुठे काढलंय? तुम्हीच आला नाहीत."

"मग आत घ्या."

"ते वरून ठरेल."

याच चक्रात मी अडकले. ईमेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत, पगार बंद. नव्या नोकरीसाठी जाल तिथे रिलीव्हिंग लेटर मागतात. कामगार खात्याच्या ऑफिसात तक्रार करायला गेले तर खिडकीवर पहिला प्रश्न: सेवासमाप्तीचं पत्र कुठाय? अजूनही आठवलं की डोकं तापतं. आजारी लेकराच्या आईला असं लटकत ठेवायचं, म्हणजे ती कंटाळून राजीनाम्यावर सही करेल, हाच त्यांचा हिशोब होता. ती सही करू नका. राजीनामा दिलात की काढल्याची भरपाई मागणं फार अवघड होतं.

आमच्या चाळीतले एक काका युनियनचं काम करायचे. ते म्हणाले, "ते लिहून देत नाहीत ना? मग तू लिही." पत्र साधंच होतं: मी अमुक तारखेपासून हजर व्हायला तयार आहे, मला गेटवर अडवलं जातंय, मुलाचे डिस्चार्जचे कागद सोबत जोडले आहेत. रजिस्टर्ड एडीने पाठवलं. पाकीट परत आलं, वर पोस्टमनच्या निळ्या पेनाने लिहिलेलं: 'घेण्यास नकार', खाली तारीख. काका म्हणाले, हे उघडायचं नाही. ठाण्यात कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यांसमोर (ते कामगार आणि कंपनीत तडजोड घडवतात) बैठक झाली तेव्हा त्या अधिकाऱ्यांनीच दोन्ही बाजूंदेखत ते पाकीट कात्रीने कापलं. मग कंपनीच्या माणसाला विचारलं, "बाई गैरहजर होत्या म्हणता, तर नोटीस कुठाय? चौकशी कुठाय?" तो खाली बघत राहिला. डी. के. यादव खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९३ सालीच सांगितलंय, की गैरहजर म्हणून परस्पर नाव कापता येत नाही, आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हे मला आधीच कोणी सांगितलं असतं तर किती रात्रींची झोप वाचली असती!

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलाच्या आजारपणासाठी वेगळी रजा द्यावीच, असा कायदा खासगी नोकरीत नाही. बालसंगोपन रजा सरकारी नोकरीतल्या बायांना मिळते. ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत, मुलाचे उपचार होतात, पण आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी असेल तरच. म्हणून भांडायचं ते रजेवरून नाही, काढण्याच्या पद्धतीवरून. "तुम्ही तर सुपरवायझर", म्हणजे कामगार कायद्यात बसतच नाही, असंही मला ऐकवलं होतं. पदाचं नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. मी माल मोजून नोंदी करायचे. नोंदवहीच्या पानांचे फोटो होते, ते उपयोगी पडले.

मुलाचं औषधपाणी चालू होतं, म्हणून मी परत कामावर घ्या असा हट्ट धरला नाही. एक महिन्याचा नोटीस पगार, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी असा करार झाला. ग्रॅच्युइटीत ते सहाच वर्षं धरत होते. माझी नोकरी ६ वर्षं ८ महिन्यांची. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. शेवटचा महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२००, भागिले महिन्याचे २६ दिवस, गुणिले वर्षाचे १५ दिवस, गुणिले ७ वर्षं: ७३,५०० रुपये. आकडा स्वतः काढून न्या.

समेट झाला नाही तर समेट अधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जानंतर ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणात दाद मागता येते. तेव्हा त्यासाठी काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आता दोनच वर्षं मिळतात.

आणि हो, पीएफ. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते. आधार मोबाइलला जोडलेलं हवं, ओटीपी त्यावरच येतो.