पिवळी पडलेली पॅसेंजर

अमळनेरात लेगोचं, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या (ब्रिकच्या) खेळण्याचं, दुकान नाही. जळगावला मोठ्या खेळण्यांच्या दुकानात खोके दिसतात, पण ते वाढदिवसाला न्यायचे छोटे सेट. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हवा असलेला आणि कंपनीने कधीच बंद केलेला सेट तिथे कुठून सापडणार? सीलबंद जुना खोका ऑनलाइन दिसतो, पण त्याची किंमत ऐकून आमची ही एकदा म्हणाली, "एवढ्यात तर किचनचा ओटा नवा होईल." तिचं चुकलं नाही. म्हणून मी जुनं, सुटं, कालवलेलं घेतो. कुणाचा मुलगा मोठा होऊन परदेशी गेला, माळा आवरायला काढला, की आमच्यासारख्यांची दिवाळी.

ही गोष्ट अशाच एका लॉटची. जळगावच्या एका काकूंकडे दोन पोती होती. मुलगा बाहेरदेशी, खेळणी माळ्यावर, वर पत्रा. "भंगारवाला किलोचा भाव सांगतोय, तुम्ही थोडं जास्त द्या आणि घेऊन जा बाबा एकदाचं." मी पोत्यात हात घातला तो रेल्वे इंजिनाच्या नाकाडावर पडला. लांबट, उतरतं, एकाच साच्यातून निघालेलं. रंग विचाराल तर जुन्या वर्तमानपत्राचा. ही सिटी मालिकेतली पॅसेंजर ट्रेन, सेट क्रमांक ७९३८, साल २०१०, तुकडे ६६९, माणसं ३. सगळे असतील असं पोत्याकडे बघून वाटत नव्हतं. घासाघीस न करता पैसे दिले आणि पोती एसटीच्या मागच्या सीटवर ठेवून घरी आणली.

पहिलं काम खरं-खोटं वेगळं करायचं. आपल्याकडच्या लॉटमध्ये चिनी नकली ब्रिक कालवलेल्या असतातच. आईवडिलांना दोन्ही सारखंच दिसतं, त्यांना दोष नाही. सोपी खूण म्हणजे ब्रिकच्या वरच्या प्रत्येक स्टडवर, म्हणजे गोल उंचवट्यावर, उठावात लेगो हे नाव असतं. ब्रिक तिरकी धरून उजेडात फिरवली की दिसतं. मिनीफिगरचं, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसाचं, डोकं काढलं की मानेच्या खुंटीवरही ते सापडतं. पण छोट्या पार्टवर नाव आत कुठेतरी दडलेलं असतं, तिथे डोळे शिणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर हाताशी असतो. दोन बाय चार स्टडची ब्रिक ३१.८ मिलिमीटर लांब, १५.८ रुंद आणि स्टड सोडून ९.६ उंच. एकेक मोजून फारसं हाती लागत नाही, आताच्या नकला बऱ्या असतात. दहा ब्रिक एकावर एक चढवा आणि मग मोजा. खऱ्यांची उंची ९६ भरते, वरच्या स्टडची तेवढी वेगळी. नकलीत दहाव्या मजल्यापर्यंत चूक साठत जाते आणि मनोरा हलकासा वाकडाही दिसतो. या कंपनीने आत नळ्या असलेल्या ब्रिकचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला मागितलं, आणि तेव्हाची ब्रिक आजच्या ब्रिकवर बसते. मला या छंदातलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल, तर हे. रंग, थीम, चित्रपटांचे सेट नंतर.

मग निवडणं. नवखा माणूस रंगाप्रमाणे ढीग लावतो. दिसायला छान दिसतं आणि कामाचं काही नसतं. पांढऱ्या ढिगात पांढरी एक बाय दोनची प्लेट, म्हणजे चपटा तुकडा, शोधायला बसा, म्हणजे कळेल. आकाराप्रमाणे लावा: सगळ्या प्लेट एकीकडे, उतरत्या छपरांचे तुकडे एकीकडे, बिजागऱ्या, क्लिपा, चाकं वेगळी. एकाच आकाराच्या ढिगातून रंग डोळा आपोआप उचलतो. आमच्या घरी हे काम स्टीलच्या परातीत चालतं. हिने तांदूळ निवडावेत तशी बोटं चालवत पहिल्याच संध्याकाळी माझ्या दुप्पट पार्ट बाजूला काढले, आणि वर विचारलं, "अहो, हे पाय कुणाचे?" मिनीफिगरचे पाय प्लेटच्या ढिगात आले होते.

ठेवायला मी सावद्याकडून आलेले केळीचे खोके आणले होते. मजबूत असतात, एकावर एक बसतात, फुकट मिळतात. पण केळीला हवा लागते म्हणून त्यांना बाजूने भोकं असतात, आणि त्या भोकातून मिनीफिगरची केसांची टोपी सहज पडते. तेव्हा खोक्यात मोठे पार्ट, आणि बारीक माल केळी वेफर्सच्या पारदर्शक बरण्यांत. जळगाव जिल्ह्यात या बरण्यांना तोटा नाही.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे इथेच घोळ होतो. कंपनी सांगते, हाताने धुवा, पाणी ४० अंशांच्या वर नको. परदेशातल्या माणसाला हा नियम वाचून गिझर कमी करावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं. म्हणजे नळाचं पाणी सरळ घेतलं तरी नियम मोडला. मी पहाटे धुतो, टाकी रात्रभर निवलेली असते. टबात साधा शाम्पू, जुना टूथब्रश, आणि पार्ट भाजीच्या जाळीच्या पिशवीत. मोटार, बॅटरीचा डबा, रिमोटचा रिसीव्हर यांना पाणी दाखवायचं नाही. स्टिकर लावलेले तुकडे वेगळे. मिनीफिगर धुताना हात उपटून काढायचे नाहीत, धडाला काखेखाली तडा जातो. तसे तडे आधीच आहेत का, ते भिंगाने बघून घ्या. वाळवायचं सावलीत, चादरीवर.

धुऊन ट्रेन स्वच्छ झाली, पांढरी झाली नाही. हा मळ नव्हताच. ब्रिक एबीएस प्लास्टिकच्या, म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन. त्यातल्या ब्युटाडाईनचं अतिनील किरणांनी ऑक्सिडेशन होतं आणि पांढरं पिवळं दिसू लागतं. निळ्यावर हिरवट झाक येते. पत्र्याखालची उष्णता त्याला मदत करते. यावर जगभरचे लोक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरतात. मजा अशी, की पिवळं ज्याने केलं तेच ऊन पेरॉक्साइडच्या सोबतीने पांढरं करतं.

मेडिकलवाला माझाच जुना विद्यार्थी. जखम धुवायच्या औषधाच्या बाटल्या मागितल्या तर काउंटरवर ठेवता ठेवता म्हणाला, "सर, इतल्या बाटल्या कसाले? कोणाला लागलं का?" खेळण्यातली रेल्वे पांढरी करायची आहे म्हटल्यावर त्याने बिल केलं, पण बराच वेळ माझ्याकडे बघत होता. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन सुटतो, आणि पेरॉक्साइडचं प्रमाण साधारण ६ टक्के पडतं. मी त्यात तेवढंच पाणी घालतो. हातमोजे हवेतच, बोटांची कातडी पांढरी पडून चुरचुरते. बरणीचं झाकण घट्ट लावू नका. आत वायू तयार होत असतो, त्याला वाट हवी.

आता ऊन. खानदेशाला उन्हाची ददात नाही, पण इथे ते जास्तच होतं. पेरॉक्साइड गरम झालं की भराभर विघटन पावतं, आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पातळ प्लेटला बाक येण्याची भीती. मे महिन्यात हा उद्योग करू नये. मी माघ-फाल्गुनात करतो. वेफर्सची बरणी साध्या पाण्याच्या मोठ्या टबात उभी करायची, आठ ते अकराचं ऊन द्यायचं, नंतर आत. पुन्हा दुसऱ्या दिवशी. एक गोष्ट मात्र बरणीजवळ बसल्याशिवाय कळत नाही. ब्रिकच्या पोकळीत बुडबुडे धरतात आणि ती होडीसारखी उलटी तरंगते. पाण्याबाहेर राहिलेला भाग वेगळा आणि बुडालेला वेगळा उजळतो, वर ढगांसारखे डाग दिसतात. म्हणून वरून काचेची वाटी दाबून ठेवायची आणि मधूनमधून लाकडी काडीने ढवळायचं. काडी लावली की सगळे बुडबुडे एकदम वर येतात, सोडा फोडल्यासारखा आवाज होतो, आणि ब्रिक एकेक करून खाली बसतात. छापील चेहरे आणि धडं मी यात घालत नाही. आणि झालेलं काम कायमचं नसतं, उजेडात ठेवलंत तर पुन्हा पिवळं पडतं.

इंजिनाचं नाकाड पांढरं झालेलं बघून हिने पदराने हात पुसत विचारलं, "हे कपड्यांना चालतं का?"

बॅटरीच्या डब्यात जुने सेल फुटून पांढरी खपली धरलेली. अल्कलाइन सेलमधलं रसायन अल्कधर्मी, म्हणून व्हिनेगरचा बोळा लावून पुसलं. मोटार फिरली. याहून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

सुटे पार्ट ही वेगळीच कहाणी. कुठल्या सेटमध्ये काय होतं याची यादी ब्रिकलिंकवर मिळते. जगभरचे विक्रेते तिथे सुटे पार्ट विकतात. २००० साली एका चाहत्याने सुरू केलेली ही जागा २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतली. बांधणीची पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट उतरवता येते, ती हरवली म्हणून रडू नये. माझे कमी भरलेले पार्ट बहुतेक किरकोळ, काही रुपयांचे. पण युरोपातून मागवायचं तर टपालखर्च मालाच्या कितीतरी पट, वर कस्टम. आपल्याकडे खेळण्यांवरची मूळ आयातशुल्काची टक्केवारी २०२० मध्ये २० वरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा. देशी खेळणी उद्योगाला हे बरं असेल, पण दोन खिडक्यांच्या काचांसाठी हा व्याप कोण करणार? देशातच विचारत राहायचं. पुण्या-नाशिकच्या मंडळींकडे सुट्या मालाचे डबे असतात, अदलाबदल चालते. माझ्याकडे जादा असलेल्या किल्ल्याच्या भिंती गेल्या आणि खिडक्या आल्या.

तपकिरी पार्टबद्दल एक सूचना देऊन ठेवतो. त्या काळातल्या लालसर तपकिरी आणि गडद लाल रंगाच्या ब्रिक ठिसूळ निघतात, क्लिप तर दाबताक्षणी कट्कन मोडते. जिथे जोडलेल्या आहेत तिथेच राहू द्या, उगाच काढघाल नको.

माणसांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आज दिसते ती मिनीफिगर १९७८ पासूनची. सुरुवातीची अकरा वर्षं सगळ्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि हसू. १९८९ मध्ये चाच्यांची मालिका आली तेव्हा कुठे दाढ्या, डोळ्यावरच्या पट्ट्या, आठ्या आल्या. पोत्यात धडं, डोकी, पाय सगळं सुटं. मुलाने पोलिसाच्या पायांवर सरदार बसवलेला, स्वयंपाक्याच्या डोक्यावर अंतराळवीराचं शिरस्त्राण. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर असणार. मी कॅटलॉगमध्ये धडावरची छपाई बघून प्रत्येकाचा पत्ता काढत बसलो. जमवणाऱ्यांत या माणसांची किंमत ब्रिकपेक्षा चढी असते. २०१३ मध्ये दहाव्या मालिकेच्या बंद पाकिटांत मिस्टर गोल्ड नावाची सोनेरी मिनीफिगर टाकली होती, जगभरात फक्त ५,०००. जळगावच्या सराफाला तो दाखवला तर हातात घेऊन हसेल, पण जमवणारा त्याच्यासाठी खरं सोनं मोडेल. माझ्या पोत्यात अर्थातच नव्हता. ट्रेनच्या तिघांपैकी दोघे पूर्ण सापडले, तिसऱ्याचं धड नाही. दुसऱ्या कुणाचं बसवून चालवता आलं असतं, पण मी तसं करत नाही. नकली छापलेली धडं स्वस्तात मिळतात, तीही नको.

स्टिकरच्या बाबतीत मात्र मी इतका सोवळा नाही. मूळ स्टिकर उन्हाने तडकून सोलले होते. बसस्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे गेलो. तो ट्रॅक्टरवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' कापणारा माणूस. "हाई काय शे सर?" म्हणून त्याने डबा हातात घेतला, स्केलपट्टीने मापं घेतली आणि प्लॉटरवर दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या इतक्या सफाईने कापल्या, की चिमट्याने उचलताना माझाच हात थरथरला. वर त्याची हौस म्हणून एका डब्यासाठी 'सुरत–भुसावळ' अशी पाटी कापून दिली, पैसे घेतले नाहीत. काटेकोर जमवणारे हे बघून नाक मुरडतील. खुशाल मुरडू देत.

ट्रेन आता पुस्तकांच्या कपाटात आहे, खिडकीपासून लांब. काचेला गाडीला लावतात तसली फिल्म त्याच रेडियमवाल्याने लावून दिली. एक धड आणि एक खिडकी बाकी आहे. खिडकी नाशिकहून यायची आहे, धडाचा अजून पत्ता नाही. दुसऱ्या पोत्यातला किल्ला निवडायला घेतलाय, आणि त्यात तपकिरी पार्टच जास्त आहेत.